डॉक्टर होताना स्वतःला विसरू नका

(खापरखेडा येथे वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी, 'नीट'ची तयारी करणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



समोर बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो, मैत्रिणींनो आणि मागच्या रांगेत बसलेल्या अम्मी-अब्बांनो,

अशा कार्यक्रमात पाहुण्याने काय बोलायचं असतं ते ठरलेलं आहे. मेहनत करा, मोबाईल सोडा, रात्रीचा दिवस करा, कौमचं नाव काढा. हे तुम्ही दहावीपासून ऐकत आला आहात. आज मी उलटं बोलणार आहे. रात्रीचा दिवस करू नका, असं सांगणार आहे. झोप, डबा, खर्रा, चालणं आणि मनातली घालमेल, या पाच गोष्टींवर बोलणार आहे. ऐकायला साध्या वाटतात, पण एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक वर्ष कसं जाणार, हे बरंचसं या पाच गोष्टींवर ठरतं.

आपण खापरखेड्यात बसलो आहोत, म्हणून इथल्याच गोष्टीपासून सुरुवात करतो. आपल्या वीज केंद्रात 210 मेगावॅटचे चार संच आहेत आणि 500 मेगावॅटचा एक. एकूण 1340 मेगावॅट. इथल्या घराघरात कोणी ना कोणी त्या केंद्रात, कोळशाच्या खाणीत किंवा ठेकेदाराकडे कामाला आहे. मागे बसलेल्या अब्बांना विचारा, संच वर्षभर अखंड चालतो का? नाही. ठरलेल्या मुदतीने तो बंद करतात, उघडतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, झिजलेलं बदलतात. तेव्हा कोणी म्हणत नाही की संच आळशी झाला. देखभाल केली नाही तर तो भर उन्हाळ्यात, सगळ्यात जास्त गरज असताना बंद पडेल, हे इथल्या फिटरलाही माहीत आहे. पण हेच अब्बा, मुलगा सुट्टीत घरी येऊन दहा तास झोपला की म्हणतात, "डॉक्टर होणार आहे की नवाब?"

हसू नका, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. देशातल्या वैद्यकीय शिक्षणाचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एक कृती गट नेमला होता. त्याचा अहवाल 2024 मध्ये आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या 25 हजार 590 आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या 5 हजार 337 विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. पदवीच्या 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की आपल्याला मानसिक आरोग्याच्या एखाद्या तक्रारीचं निदान झालेलं आहे. वर्षभरात स्वतःला इजा करण्याचे किंवा जीवन संपवण्याचे विचार मनात येऊन गेल्याचं पदवीच्या 16.2 टक्के आणि पदव्युत्तरच्या 31.2 टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. आता, अशा पाहणीत ज्यांनी स्वतःहून उत्तर दिलं त्यांचेच आकडे असतात. ज्याला त्रास आहे तो जास्त मोकळेपणाने उत्तर देतो, हेही खरं. पण आकडा थोडा कमी धरला तरी शंभरच्या वर्गात किती मुलं होतात ते तुम्हीच मोजा.

आणि ही कोण मुलं आहेत? वीस लाखांहून जास्त उमेदवारांमधून निवडून आलेली. म्हणजे हुशारीने काही अडलेलं नाही. अडलंय दुसरीकडे.

आपल्या घरातून जाणाऱ्या मुलांवर आणखी एक ओझं असतं. त्याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही. तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले डॉक्टर होणार आहात, काही जण मोहल्ल्यातले पहिले. फीसाठी कर्ज काढलेलं असतं, अम्मीचे दागिने गहाण असतात, बाजीचं लग्न एक वर्ष पुढे ढकललेलं असतं. मग मेसमध्ये बसून शांतपणे जेवतानाही वाटतं, घरचे एवढं सोसताहेत आणि मी आराम करतोय? पहिल्या वर्षाला असतानाच गावाकडून फोन सुरू होतात. "बेटा, खालाचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय, बघ जरा." मुलीचं तर आणखी वेगळं. तिला रोज सिद्ध करावं लागतं की शिकायला बाहेर ठेवलं ते चुकलं नाही. एखाद्या विषयात नापास झाली तर तिला विषयाचं दुःख नसतं, "आता घरी बोलावतील" याची भीती असते.

या ओझ्यामुळे आपली मुलं एक चूक समजूत करून घेतात. स्वतःकडे लक्ष देणं म्हणजे स्वार्थ, अशी. आज मला एवढीच गोष्ट पटवून द्यायची आहे: स्वतःच्या शरीराची आणि मनाची काळजी घेणं हा डॉक्टरकीच्या अभ्यासाचा भाग आहे. अभ्यास संपल्यावर उरलेल्या वेळात करायचं ते काम नाही. तुमच्या हाताखाली उद्या जो पेशंट येणार, त्याचा तो हक्क आहे.

आधी झोपेचं बघू.

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 1997 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच लोकांना एकदा जागं ठेवलं, एकदा मोजून दारू दिली आणि दोन्ही वेळा हात आणि डोळ्यांच्या समन्वयाची तीच चाचणी करून घेतली. सलग 17 तास जागा असलेला माणूस, रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच ढिला पडला. आपल्या देशात गाडी चालवताना रक्तात 0.03 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला विद्यार्थी, ज्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, ज्याच्या घरात दारू हराम आहे, तो रात्री अकरानंतर पुस्तकासमोर बसतो तेव्हा त्याचा मेंदू जवळपास नशेतल्या माणसासारखा चालत असतो. आणि अशा मेंदूने तो अ‍ॅनाटॉमीतला ब्रॅकियल प्लेक्सस पाठ करत असतो!

दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते मुख्यतः झोपेत. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागून चार तास वाचणं म्हणजे दिवसभर कमावलेलं संध्याकाळी फाटक्या खिशात टाकणं. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. "मला पाच तास पुरतात" म्हणणाऱ्या बहुतेकांना ते पुरत नसतात. त्यांना थकव्याची सवय झालेली असते, एवढंच.

चहाचंही सांगतो. कॅफिन पोटात गेलं की ते निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. रात्री दहाला ठेल्यावर कडक चहा घेतला तर पहाटे तीनला त्यातलं निम्मं कॅफिन रक्तात फिरत असतं. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद करून बघा. फक्त दोन आठवडे. आणि मोबाईल उशीजवळ नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला. गजरासाठी शंभर-दीडशे रुपयांचं घड्याळ मिळतं.

इंटर्न आणि रेसिडेंट झाल्यावर प्रश्न बदलतो. तिथे झोप तुमच्या हातात राहत नाही, ड्यूटीच्या तक्त्याच्या हातात जाते. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये अतिदक्षता विभागातल्या इंटर्न डॉक्टरांवर एक अभ्यास झाला, 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. सलग 24 तासांहून लांब ड्यूटी असताना त्यांच्या हातून गंभीर चुका 36 टक्के जास्त झाल्या. त्या चुका आळशी डॉक्टरांनी केल्या नव्हत्या. थकलेल्या चांगल्या डॉक्टरांनी केल्या होत्या. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा लिहिलेली आहे. नंतर 2024 च्या कृती गटाने आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास, आठवड्याची एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास विश्रांती सुचवली. वॉर्डात हे किती पाळलं जातं, ते तुमच्या सीनियरना विचारा. पण कागद आपल्या बाजूने आहे, हे माहीत असू द्या. झोप मागणं हा लाड नाही, पेशंटच्या सुरक्षेची मागणी आहे. ती एकट्याने करू नका, प्रतिनिधींमार्फत, लेखी, सगळ्यांनी मिळून करा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. नाईट ड्यूटी संपल्यावर लगेच बाईक काढून घरी निघायचं नाही. सकाळचं ऊन, डोळ्यांत झोप आणि कोराडीच्या बाजूने येणारे कोळशाचे, राखेचे ट्रक. अम्मीच्या हातचा नाश्ता दोन तास उशिरा खा. आधी होस्टेलवर झोप काढा.

आता जेवणाकडे येऊ.

नागपूरच्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलाचा दिवस बघा. सकाळी उशीर झाला म्हणून नाश्ता नाही. अकराला तर्री-पोहा किंवा आलूबोंडा. दुपारी प्रॅक्टिकल लांबलं म्हणून जेवण नाही, समोसा. रात्री मेसची भाजी आवडली नाही म्हणून बाहेरून बिर्याणी. मग बारा वाजता मॅगी. दिवसभरात हिरवं काय खाल्लं? तर्रीवरची कोथिंबीर!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवी आहार-मार्गदर्शिका काढली. त्यांचा हिशेब आहे की देशातल्या एकूण आजारभारातला 56 टक्क्यांहून जास्त भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे. त्यांचा उपाय महागडा नाही. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि फळं, उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळ, अंडी किंवा मांस, दूध-दही, थोडे दाणे.

इथे आपल्या मुलांची एक अडचण असते. मेसमधलं मटण-चिकन हलाल आहे की नाही याची खात्री नसते, म्हणून ते खात नाहीत. बरोबर आहे, तुमचा निर्णय आहे. पण मग प्रथिनं कुठून येणार? नुसता भात आणि पातळ वरण यावर शरीर चालत नाही. दोन उकडलेली अंडी, एक वाटी दही, मूठभर फुटाणे, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, सोयाबीनच्या वड्या. यातल्या कशालाच हलालचा प्रश्न नाही आणि खिशालाही परवडतं. कोटाच्या एका खिशात स्टेथोस्कोप असतो ना, दुसऱ्या खिशात फुटाण्याची पुडी ठेवा. लाज कसली?

मुलींना वेगळं सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय महिलांना रक्तक्षय आढळला. तुम्ही याच देशात राहता. थकवा, धाप, केस गळणं, अभ्यासात लक्ष न लागणं याला "टेन्शन" म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन तपासा. तुमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं. दुसऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकता, एकदा स्वतःचाही वाचा.

आणि नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पाण्याची बाटली सोबत नसेल आणि टॉयलेट अस्वच्छ म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नसतील, तर मूतखडा आणि लघवीचा जंतुसंसर्ग ठरलेला. स्वच्छ टॉयलेट ही तुमच्या आरोग्याची मागणी आहे, ती संकोच न करता करा.

रमजानबद्दल बोललो नाही तर हे भाषण अपुरं राहील. ड्यूटी असताना, परीक्षा असताना रोजे कसे ठेवायचे, हे मुलं विचारतात. ज्याला ठेवायचे आहेत त्याने नियोजन करावं. इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडं थोडं करून भरपूर प्या, एकदम लिटरभर नको. इफ्तारला भजी-समोशांचा डोंगर नको. खजूर, फळं, डाळ, अंडी हे आधी. सहरी टाळू नका. झोप दोन तुकड्यांत घ्या. तरावीहनंतर लगेच झोपा, गप्पांना बसू नका. फजरनंतर शक्य असेल तर दीड-दोन तास आणि दुपारी वीस मिनिटं. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत कुराणातच दिलेली आहे. ज्याला मधुमेह आहे, मिरगीच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीची वेळ बदलू नये. आणि जो रोजा ठेवत नाही, त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघू नका. त्याची तब्येत तुम्हाला ठाऊक नाही.

रमजानमध्ये एक छान रीत अनेक वॉर्डांत दिसते. इफ्तारच्या अर्ध्या तासासाठी हिंदू, बौद्ध मित्र आपली ड्यूटी सांभाळतात, दिवाळीला आणि 14 एप्रिलला आपण त्यांची सांभाळतो. ही देवाणघेवाण जपा. अशा ड्यूटीतूनच एकमेकांची घरं कळतात.

आता खर्रा. इथे अब्बा लोक थोडे चुळबूळ करताहेत, दिसतंय मला.

राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला की झाला खर्रा. विदर्भात पाहुण्याला पाणी विचारतात तसा खर्रा विचारतात. वैद्यकीय विद्यार्थी यातून सुटलेले नाहीत. रात्री जागायला म्हणून सुरू होतो, मग पानठेल्यावरच्या गप्पांचा भाग होतो. मुलांना वाटतं, तंबाखू नाही घेतला, नुसती सुपारी घेतली तर चालतं. नाही चालत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. आधी तीन बोटं जातात, मग दोन, मग एक. पंचविशीतले असे पेशंट तुम्ही ओपीडीत बघणार आहात. त्यांना "खर्रा सोडा" म्हणताना तुमचेच दात लाल असतील तर तो ऐकेल का?

सोडायचा असेल तर 1800-11-2356 ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे. पहिले काही दिवस जड जातात, चिडचिड होते, मग हळूहळू ओसरते. सिगारेट, हुक्का, व्हेप यांचंही हेच. आणखी एक धोका फक्त आपल्या शाखेत आहे: औषधं हाताशी असतात. झोपेची गोळी, चिंतेची गोळी, जागं राहण्याची गोळी. मित्राने दिली, वॉर्डात उरली होती, सीनियर घेतो. स्वतःला औषध लिहिण्याची सवय विद्यार्थी असताना लागली की पुढे सुटत नाही. डॉक्टरलाही डॉक्टर लागतो.

व्यायामाचं थोडक्यात सांगतो, कारण यात नवीन काही नाही, फक्त करायचं आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. लिफ्ट सोडा, वॉर्डाचे जिने चढा. मुलींना संध्याकाळी मैदानावर जाता येत नसेल तर होस्टेलच्या गच्चीवर चार जणींनी मिळून दोरीवरच्या उड्या मारा. आपल्या भागात राख उडते त्या दिवशी बाहेर धावण्यापेक्षा घरात व्यायाम करा. हवा स्वच्छ असावी यासाठी गावाने बोलत राहायचं आहेच, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. मन.

आपल्या समाजात नैराश्य आलं की तीन उत्तरं तयार असतात. ईमान कमजोर झालं, नजर लागली, किंवा नाटक करतोय. मग ताईत येतो, दम केलेलं पाणी येतं, डॉक्टर शेवटी. दुआ करायला कोणाची ना नाही. दुआने धीर मिळतो, मिळू द्या. पण मधुमेहाला आपण ईमान कमजोर झालं म्हणत नाही, मग नैराश्याला का? दोन आठवडे झोप बिघडली, भूक गेली, आवडत्या गोष्टीत मन लागेना, सतत रडू येतं किंवा काहीच वाटेनासं झालं, तर ते आजाराचं लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाईलमध्ये जतन करा. मी थांबतो अर्धा मिनिट. करा.

झालं? आता एक नाव घेतो. डॉ. पायल तडवी. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आदिवासीही आणि मुसलमानही. मिरजेहून एमबीबीएस, मग मुंबईला स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी. 22 मे 2019 रोजी तिने जीवन संपवलं. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला, खटला न्यायालयात आहे. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींनी मिळून उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं.

हे नाव मी एवढ्यासाठी घेतलं की आरोग्याच्या सवयींवर बोलताना एक लबाडी होऊ शकते. सगळा भार मुलांवरच टाकायचा. तू नीट झोप, तू नीट खा, तू योगा कर. पण कोणी रोज तुमच्या जातीवरून, धर्मावरून, हिजाबवरून, भाषेवरून टोमणे मारत असेल, तर त्यावर सात तासांची झोप हे औषध नाही. तिथे तक्रार हे औषध आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार हे वहीत लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. आणि घरी सांगा. कोलकात्याला 9 ऑगस्ट 2024 ला ज्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली, ती लांबलचक ड्यूटीत थोडी पाठ टेकायला सेमिनार रूममध्ये गेली होती. विश्रांतीची सुरक्षित खोली असणं ही किती मूलभूत गोष्ट आहे, ते देशाला तेव्हा कळलं. स्वतःची काळजी म्हणजे स्वतःशी शिस्त आणि व्यवस्थेकडे हक्काची मागणी, दोन्ही. एकाने भागत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही डॉक्टर होणार, आम्हाला हे सगळं पुस्तकातून कळेलच. डॉ. अभय बंग यांचं उदाहरण घ्या. नागपूरच्याच मेडिकल कॉलेजमधून शिकलेले. गडचिरोलीत बालमृत्यू कमी करण्याचं त्यांचं काम जगभर अभ्यासलं जातं. लोकांच्या आरोग्याबद्दल त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार? तरी ऐन चाळिशीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर आहार, व्यायाम, विश्रांती, मनाची धावपळ यात काय काय बदललं ते त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिलं. मराठी घराघरात ते वाचलं गेलं. तुमच्या अब्बांनाही वाचायला द्या. माहिती असणं आणि तसं जगणं यात अंतर असतं, आणि ते अंतर पदवीने मिटत नाही.

हे अंतर शिकतानाच कमी करता येतं का? आपल्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे विद्यार्थी खादी घालतात, सुरुवातीलाच काही दिवस आश्रमात राहतात, श्रमदान करतात, मग एखाद्या गावात शिबिराला जाऊन घरं दत्तक घेतात. ते सगळं आपल्याला जसंच्या तसं करायचं नाही. पण तिथे एक गोष्ट मान्य केलेली आहे: डॉक्टर कसा राहतो, काय खातो, हाताने काय काम करतो, हाही त्याच्या शिक्षणाचा विषय आहे.

आता पालकांना चार विनंत्या. फोनवर पहिला प्रश्न "पेपर कसा गेला?" हा नको, "जेवलास का, झोपलीस का?" हा असू द्या. नातेवाइकांचे रिपोर्ट परीक्षेच्या काळात पाठवू नका, आणि फुफीलाही सांगा की मुलगी अजून शिकते आहे. कर्जाचा हिशेब लपवू नका, पण रोज ऐकवूही नका. आणि मुलाने किंवा मुलीने म्हटलं की "मला बरं वाटत नाही, मला जमत नाहीये," तर पहिल्या वाक्यात उपदेश नको. आधी ऐका. एक वर्ष गेलं तर गेलं. वर्ष परत मिळतं.

आणि मुलांनो, उद्यापासून सगळं बदलायचं ठरवू नका, कारण मग काहीच बदलत नाही. या आठवड्यात एक गोष्ट निवडा. कोणी मोबाईल उशीपासून दूर ठेवा. कोणी नाश्ता चुकवू नका. कोणी पानठेल्याचा रस्ता बदला. कोणी हिमोग्लोबिन तपासा. कोणी त्या मित्राच्या खोलीचं दार ठोठावा, जो दोन आठवडे मेसमध्ये दिसला नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यांनी करा, आजच करा.

कोणाला एकट्याने काही विचारायचं असेल तर मी मागे चहाजवळ थांबतो आहे. चारच्या आतला चहा आहे, चालतो.